दुसरी ओळ

आमच्याकडे पाणी रात्री येते. सिडकोतल्या आमच्या भागात कधी सहाव्या दिवशी, कधी आठव्या, आणि वेळ बहुतेक दोन ते पाचच्या मधली. जायकवाडीचे धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. त्याचा जलाशय, नाथसागर, काठोकाठ भरला तरी आमच्या नळाचा दिवस काही अलीकडे येत नाही. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. पाहुण्यांची बोलावणी, गोधड्या धुणे, सत्यनारायण, सगळे इथल्या बायका पाण्याच्या दिवसावर ठरवतात.

हे होते तोवर पाण्याचे काम त्यांचे होते. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षे पाळ्या केलेल्या, त्यामुळे रात्री उठणे अंगवळणी पडले होते. महिना लागला की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ते अंदाजाने पेन्सिलीचे बारीक ‘पा’ लिहून ठेवत. अंदाज चुकला तर खोडून पुढच्या चौकटीत. मोटार लावायची, हौद भरायचा, मग वरची टाकी, मग पिंपे, शेवटी प्यायच्या पाण्यात तुरटी फिरवायची. मी झोपलेली असे. चाळीस वर्षांच्या संसारात पाण्यासाठी मी किती वेळा उठले ते बोटांवर मोजता येईल.

2021 च्या एप्रिलच्या पानावर चार ‘पा’ आहेत. पहिल्या दोन तारखांना हे घरी होते. तिसऱ्या तारखेला दवाखान्यात होते. चौथ्या तारखेला नव्हते. त्या रात्री नळ आला आणि गेला. मोटार लावायला कुणी उठलेच नाही. सकाळी मुलाने हौदाचे झाकण काढले तर तळाशी वीतभर पाणी. तोवर मी रडले नव्हते. झाकण हातात धरून तो नुसता उभा राहिला, तेव्हा मला रडू फुटले.

त्या दिवसांबद्दल फार लिहिणार नाही. दुसऱ्या लाटेत ज्यांच्या घरी माणूस गेले त्यांना सगळे ठाऊक आहे: फोन लावत राहायचे आणि पलीकडून कुणी उचलायचे नाही, आणि शेवटी उचलला जातो तेव्हा एवढेच सांगतात की या. चेहरा लांबून दिसला. त्यांचे जेवणाचे डबे आणि चष्मा एका पिशवीत परत आले. चष्म्याच्या काडीला मी दिवाळीत गुंडाळलेला पांढरा दोरा तसाच होता.

पुढच्या ‘पा’ला मी स्वतः उठले. अडीच वाजले होते. मोटार सुरू केली आणि हौदाजवळच्या पायरीवर बसले. मोटारीचा एकसुरी आवाज, सगळी गल्ली निजलेली, हाताला काही काम नाही, आणि पाणी भरेपर्यंत उठताही येत नाही. त्या आवाजात मला आई आठवली. ह्यांची आठवण येईल असे वाटले होते, आणि आली आई, तीही पन्नास वर्षांपूर्वीची, जात्यावर बसलेली.

आमचे गाव वैजापूर तालुक्यात, शिऊरपासून दोन कोसांवर. कोरडवाहू जमीन, बाजरी आणि मठ, पावसाने साथ दिली तर थोडा कापूस. आई चार वाजता उठून दळायला बसे. समोर काकू. एकच खुंटा दोघींच्या हातात, आईचा उजवा हात आणि काकूचा उजवा हात. मी आईच्या मांडीवर डोके ठेवून निजायची. मांडी हलायची, पिठाचा गरम वास यायचा आणि वरून ओवी यायची. बहुतेक ओव्या गावात सगळ्याच बाया म्हणत त्या होत्या: पंढरीच्या, सीतेच्या, माहेरच्या वाटेच्या. पण आई मध्येच स्वतःची घालायची. आदल्या दिवशी घडलेले काही, शेजारणीचे बोलणे, माझा सुटलेला ताप, सगळे सकाळी दोन ओळींत बसून यायचे. काकू हसायची आणि म्हणायची, ‘आता हे कधी जुळवलंस, माय?’ आईला अक्षरओळख नव्हती. सही करायचीही वेळ तिच्यावर आली नव्हती. अंगठा पुरत होता.

1969 साली माझा भाऊ जन्मला. मी नऊ वर्षांची होते आणि दोन मुलींनंतरचा तो मुलगा; दुसरी मुलगी राहिली नव्हती. त्याच्यावर आईने एक ओवी रचली, आणि ती तिची लाडकी होती हे मला नक्की माहीत आहे, कारण दळण संपत आले की ती शेवटी हीच म्हणायची. पहिल्या ओळीत माझा भाऊ मोठा झालेला असतो, डोक्याला फेटा बांधतो, बैल जुंपतो आणि मला सासरहून आणायला निघतो, मुऱ्हाळी म्हणून. तो तेव्हा पाळण्यात होता.

मग 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या बोलण्यात अजून ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरनंतर’ असे दोन काळ असतात. विहिरी आटल्या, जनावरे सोडून दिली. आई-वडील दुष्काळी कामावर जाऊ लागले, आधी पाझर तलावाच्या मातीवर आणि मग खडी फोडायला. आम्ही पोरे सुकडीच्या रांगेत. रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी तव्यावरच तुटे. जात्यात दळायला घरचे दाणे उरले नव्हते. आई तरी मिलो दळायची, पहाटेऐवजी रात्री, दमून आल्यावर, आणि तेव्हाही म्हणायची. आवाज बारीक झाला होता इतकेच.

1973 च्या उन्हाळ्यात भावाला गोवर आला. चार वर्षांचा होता. गावात घरोघरी गोवर होता, बहुतेक पोरे उठली. आमचा आधीच हाडाला लागला होता. बैलगाडीतून वैजापूरला नेताना मी सोबत होते. वडील बैलांना मारत होते. बैलही उपाशी होते. वाटेतच तो गेला. आईने पदर त्याच्या तोंडावरून काढला नाही; घरी पोहोचेपर्यंत ती त्याला ऊन लागेल म्हणून झाकून बसली होती.

तिसऱ्या दिवशी आई खडी फोडायला गेली. नाव हजेरीपटावरून गेले असते.

त्यानंतर तिने ओवी म्हटली नाही. दोन-तीन वर्षांत गावात पिठाची गिरणी आली आणि जात्याचे कामच संपले, तेव्हा कुणाच्या लक्षात यायचा प्रश्न नव्हता. सगळ्याच बायांच्या ओव्या तेव्हा थांबल्या. लोकसाहित्यावरची पुस्तके हेच सांगतात की गिरणी आली, जाते थांबले, ओवी थांबली, आणि ते खरेही आहे. माझ्या आईची ओवी मात्र गिरणीच्या आधी थांबली. हे मी सोडून आता कुणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

वडिलांनी मला शिकवले. त्या भागात, त्या काळात, एका कोरडवाहू शेतकऱ्याने मुलीला वैजापूरला वसतिगृहात ठेवून शिकवणे म्हणजे काय, हे मला मुलगा झाल्यावर कळले. 1981 साली लग्न होऊन मी तेव्हाच्या औरंगाबादेत आले. पहिली काही वर्षे औरंगपुऱ्यात एका खोलीत काढली, पुढे सिडकोत घर झाले. मी एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागले आणि चौतीस वर्षे तेच केले.

त्या चौतीस वर्षांत मी संत बहिणाबाई किती वेळा शिकवल्या असतील! बहिणाबाई म्हटले की मुले जळगावच्या बहिणाबाई चौधरी समजत, म्हणून पहिला अर्धा तास दोघींना वेगळे करण्यात जाई. खानदेशच्या बहिणाबाई 1880 ते 1951 मधल्या, शेतात आणि घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, गाणी रचणाऱ्या. आणि ह्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, आपल्याच जिल्ह्यातल्या. जन्म देवगाव रंगारीचा, वेरूळच्या पश्चिमेला. सासर शिऊरचे. समाधीही शिऊरलाच. ‘माझे माहेर तिथून दोन कोसांवर,’ असे मी मुलांना दरवर्षी सांगायची आणि मुले कौतुकाने बघायची. मग मी गुरुभक्ती, वैराग्य, अभंगाची रचना यांवर बोलायची. परीक्षेला तेवढेच येई.

त्यांच्या आत्मनिवेदनात जे लिहिले आहे ते मी वर्गात कधी धड वाचले नाही. अजाण वयात तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न. भाऊबंदकीत आणि कर्जात घर सुटले, आई-वडील आणि नवऱ्याबरोबर वणवण, पंढरपूर, रहिमतपूर, कोल्हापूर. कोल्हापुरात घरी एक कपिला गाय आली, तिला वासरू झाले. ते वासरू ह्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीमागे कीर्तनालाही जायचे. कीर्तनकार जयरामस्वामींनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, त्याची गावात चर्चा झाली आणि नवऱ्याने तिला बांधून मारले. पुढे वासरू मेले आणि ही बेशुद्ध पडली. तिला तुकोबांचे दर्शन झाले ते त्यानंतर. आम्ही मास्तर लोक दर्शनापासून सुरुवात करतो. ती बाई वासरापासून करते. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईला आपले वासरू गेल्याचे दुःख लिहून ठेवण्याजोगे वाटले आणि नवऱ्याने मारले तेही तिने लपवले नाही, ही गोष्ट मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हौदाच्या पायरीवर, मध्यरात्री तीन वाजता उमगली.

आणखी एक गोष्ट उमगली, ती जास्त लागली. संत बहिणाबाईंनी शेवटी आपली कहाणी, मागच्या बारा जन्मांसकट, सांगितली ती मुलाला, विठोबाला. खानदेशच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी उतरवून ठेवणारे सोपानदेव म्हणजे त्यांचा मुलगाच, आणि ती वही त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून 1952 साली पुस्तक झाले. दोघींच्या जवळ लिहून घेणारे पोटचे कुणीतरी होते. माझ्या आईचा मुलगा बैलगाडीत गेला. मुलगी होती. ती मराठीची बाई होती, आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासत होती.

आई दर दिवाळीला आमच्याकडे येऊन राहायची. 1990 नंतर कधीतरी, एका रात्री वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते, तेव्हा आतल्या खोलीतून बारीक गुणगुणणे ऐकू आले. मुलाला निजवत होती. मी दाराशी गेले तर थांबली. मी म्हटले, ‘आई, त्या ओव्या सांग ना, लिहून घेते.’ ती म्हणाली, ‘तुझं काम आवर लेकी, सकाळी सांगते.’ सकाळी मला शाळा होती. घरात टेपरेकॉर्डर होता. कोऱ्या कॅसेटी होत्या. ती त्यानंतर चौदा दिवाळ्या आली. 2006 साली ती गेली.

पाच-सहा वर्षांनी मुलाचे लग्न झाले. हळदीसाठी मंडपवाल्याकडून रंगवलेले जाते भाड्याने आणले होते. आमच्याकडे जात्यावर हळद दळण्याची रीत आहे. जात्याला हळदकुंकू लावले, हळकुंडे टाकली, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला. एक नणंद म्हणाली, ‘एखादी ओवी म्हणा की वहिनी, तुम्ही मराठीच्या.’ सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला आईची तीच ओवी आठवली, भावावरची. पहिली ओळ म्हटली. हात फिरत राहिला. दुसरी ओळ आली नाही.

मी पुन्हा पहिली म्हटली. वाटले, चाल लागली की येईल. तिसऱ्यांदाही म्हटली. बायकांना वाटले ओवी तशीच असेल. त्यांनी पाठोपाठ तीच ओळ म्हटली आणि पुढचा विधी सुरू झाला. भाऊ बैल जुंपून निघाला आहे, पण बहिणीच्या दारात पोहोचून तो काय करतो, हाक मारतो की पाणी मागतो, की सासूशी बोलतो, ते दुसऱ्या ओळीत होते. माझ्या डोक्यातून ते पार गेले होते. आई नव्हती, काकू नव्हती. विचारायला जगात कुणी नव्हते.

त्या रात्री पाहुणे निजल्यावर ह्यांना सांगितले. हे फार बोलणारे नव्हते. चार दिवसांनी औरंगपुऱ्यातून पुठ्ठ्याच्या जाड बांधणीची दोनशे पानी वही घेऊन आले. म्हणाले, ‘जेवढं आठवतं तेवढं तरी उतरून ठेव.’ मी हो म्हटले आणि वही कपाटात ठेवली. नातीचा जन्म, सासूबाईंचे अंथरूण, माझी निवृत्ती. वही नऊ वर्षे कोरी राहिली. हे मधूनमधून विचारायचे, ‘काही लिहिलंस का?’ मग विचारायचे थांबले.

ती वही मी 2021 च्या जूनमध्ये काढली आणि हौदाच्या पायरीवर घेऊन बसले. आईच्या म्हणून नक्की सांगता येतील अशा सात ओव्या आठवल्या. तीन पुऱ्या, चार अर्ध्या. दोन पानांत संपल्या. मोटार चालू होती, टाकी भरायला अजून वेळ होता. मग मी माझी लिहिली. पेन्सिलीच्या ‘पा’वरची. दोनच ओळींची, जात्याच्याच चालीवर. पुढच्या पाण्याला आणखी एक, चष्म्याच्या दोऱ्याची. मग कंपनीच्या बसचा पहाटेचा हॉर्न, डब्यातली शेंगदाण्याची चटणी, आमचे तीस वर्षे चाललेले एक भांडण. आता एकशे बारा झाल्या आहेत. त्या चांगल्या आहेत असे माझे म्हणणे नाही. इतकी वर्षे कविता शिकवल्यावर चांगले काय ते कळते. पण त्या लिहिताना माझा श्वास नीट चालतो. आईचाही चालत असणार. मुलगा गेल्यावर तिने त्याच्यावर एक तरी रचली असती तर तिचे ओझे हलके झाले असते का, हे मी किती रात्री स्वतःला विचारले आहे. कदाचित तिने रचलीही असेल, खडी फोडता फोडता, मनातल्या मनात. हातोडीलाही ठेका असतो.

दीड वर्षाने मी शिऊरला गेले. मुलगा गाडी घेऊन आला होता. वेरूळवरून, देवगाव रंगारीवरून गेलो, म्हणजे संत बहिणाबाईंच्या माहेरून सासरी. समाधीपाशी बसले. तिथे काही साक्षात्कार झाला नाही. नऊवारीतल्या दोन बाया शेजारी शेंगा निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारले, ‘जात्यावरच्या ओव्या येतात का कुणाला?’ थोरली म्हणाली, ‘आता कोण म्हणतं बाई,’ आणि मग शेंगा निवडत निवडत अकरा म्हणून दाखवल्या. मी पिशवीतून वही काढली.

तेव्हापासून ते काम लागले. आमच्या कॉलनीत भजनी मंडळ आहे. त्यातल्या सत्तरीच्या पुढच्या बायांकडे दुपारी जाते. कुणी पैठणकडची, कुणी सिल्लोडची, एक बीड जिल्ह्यातली. एका घरी आजींना सगळे विस्मरण झाले आहे, मुलाला त्या ‘तुम्ही कोण’ विचारतात. सून मला म्हणाली, ‘उगाच कशाला त्रास घेता, काकू.’ मी आजींचा हात हातात घेऊन खुंटा फिरवल्यासारखा गोल फिरवला. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी ओवी सुरू केली, पूर्ण, दोन्ही ओळी, आणि एकामागून एक सोळा म्हटल्या. सून दारात उभी राहून ऐकत होती. दहा वर्षांत सासूचा गाता आवाज तिने ऐकलाच नव्हता.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी खेडोपाडी फिरून आपल्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या कुणालाही वाचता-ऐकता येतात. त्यापुढे माझ्या वहीतल्या चारशे-साडेचारशे काहीच नाहीत. तरी सांगते. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत ऐंशीच्या घरातली कुणी बाई असेल तर तिच्याजवळ बसा. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, वहीचीही गरज नाही. ‘ओव्या सांगा’ म्हटले तर ती ‘आठवत नाही’ म्हणेल. तिच्या हातात काही काम द्या, नाहीतर तिचा हात धरून फिरवा. आणि ती ‘सकाळी सांगते’ म्हणाली तर तिथून उठू नका.

गेल्या दिवाळीत नात आली होती. नऊ वर्षांची आहे. पाण्याच्या रात्री हट्टाने माझ्याबरोबर जागली. वही चाळताना पहिल्या पानावर थांबली आणि म्हणाली, ‘आजी, इथे एकच ओळ आहे. खाली जागा सोडलीस. तुला येतात ना करायला, मग तूच लिही दुसरी.’

मला करता येईल. चाल तीच आहे, यमकही कळते, भाऊ दारात येऊन काय म्हणेल तेही सुचते. मी तिला सांगितले, ती ओवी तुझ्या पणजीची आहे. ती जागा कोरीच राहील.